नॉमिनीचा रकाना

विमा कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यावर एक खोड अंगात मुरते. नवा माणूस भेटला की मनातल्या मनात त्याचा फॉर्म भरायला घ्यायचा. नाव, वय, व्यवसाय, पूर्वीचे आजार आणि शेवटी तो एक रकाना: नॉमिनी कोण? सांगलीच्या आमच्या शाखेत नोकरीला नुकती लागलेली पोरं त्या रकान्यापाशी जराशी अडायची आणि आईचं नाव लिहायची. दोन-चार वर्षांनी तीच पोरं पेढे घेऊन यायची आणि आईचं नाव काढून बायकोचं घालायची. नॉमिनी बदलायचा अर्ज हीच आमच्या शाखेतली लग्नपत्रिका.

माझ्या मुलाचा तसा अर्ज आलाच नाही. तो अडतीस वर्षांचा आहे, नऊ वर्षं टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि त्याच्या पॉलिसीत अजून माझंच नाव आहे. मी पासष्ट वर्षांची. त्याचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. हिशेब उघड होता आणि तो मला झोपू देत नव्हता. म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात विमानात बसले तेव्हा बॅगेत मेतकूट होतं, थालिपिठाची भाजणी होती आणि एका प्लॅस्टिकच्या फोल्डरात चार मुलींचे बायोडेटा होते, फोटोसकट.

मुलगा राहतो तो निशी-कासाई भाग टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. इथे भारतीयांची वस्ती दाट आहे. पुण्याहून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. कोपऱ्यावरच्या दुकानात हिंग आणि तूरडाळ मिळते. त्यामुळे पहिल्याच रात्री आमटीभात झाला आणि ताटं उचलल्यावर मी फोल्डर टेबलावर ठेवला.

मुलगा चिडला नाही. एकेक कागद वाचून त्याने पुन्हा जागच्या जागी लावला. म्हणाला, "आई, तू सून शोधायला आली आहेस की माझा नॉमिनी?"

"दोन्ही एकच ना?"

"इथेही सगळे हेच धरून चालले होते," तो म्हणाला आणि मला जपानच्या कांदेपोह्यांची गोष्ट सांगू लागला.

जपानीत कांदेपोह्यांना 'ओमिआई' म्हणतात. दोन्ही घरांच्या मध्ये एक मध्यस्थ असतो, तो 'नाकोदो'. आणि माझ्या फोल्डरात होता तस्साच कागद, म्हणजे घराणं, शिक्षण, नोकरी, छंद आणि सोबत स्टुडिओत काढलेला फोटो, त्याला नाव आहे 'त्सुरिगाकी'. दुसऱ्या महायुद्धाआधी दहातली सात लग्नं अशी ठरत. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रेमविवाह पुढे गेले. पण त्या प्रेमाचीही सोय बरीचशी कंपनीच करायची. पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत कचेरीत, शेजारच्या टेबलावर नुकतीच कॉलेजातून आलेली मुलगी, आणि लग्नात नाकोदो म्हणून साहेब स्वतः सपत्नीक हजर. मुलीने पंचविशीच्या आत उरकायचं आणि नोकरी सोडायची. पंचविशी उलटलेल्या मुलीला ऐंशीच्या दशकात 'ख्रिसमस केक' म्हणत, कारण पंचवीस डिसेंबरनंतर तो कुणी घेत नाही. आपल्याकडे 'घोडनवरी' म्हणायचे, त्यापेक्षा हे गोड, पण तेवढंच दुष्ट.

१९७२ साली जपानात जवळजवळ ११ लाख लग्नं लागली. २०२३ मध्ये पावणेपाच लाखांनाही थोडी कमीच. पाच लाखांच्या खाली आकडा यायची नव्वद वर्षांतली ती पहिली वेळ. मासाहिरो यामादा नावाच्या समाजशास्त्रज्ञाने २००७-०८ च्या सुमारास 'कोनकात्सु' हा शब्द रूढ केला. नोकरी शोधण्याच्या खटपटीला जपानीत जो शब्द आहे, त्याच साच्यात त्याने लग्न शोधण्याची खटपट बसवली. आता तर टोकियोचं सरकारच वधू-वर सूचक मंडळ चालवतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यांचं ॲप आहे. त्यात शिरायचं तर अविवाहित असल्याचा दाखला द्यायचा, उत्पन्नाचा कागद द्यायचा, मुलाखत द्यायची आणि दोन वर्षांचे ११ हजार येन भरायचे. आमच्या सांगलीच्या मंडळातल्या बाईंनी एवढी छाननी केली असती तर निम्मी स्थळं दारातूनच परत गेली असती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, १४ तारीख. "चल, तुझ्या वयाचं टोकियो दाखवतो," म्हणून मुलगा मला सुगामोला घेऊन गेला. वासेदाहून एका डब्याची ट्राम लोकांच्या परसदारांतून ठणठणत जाते, ती कोशिनझुकाला उतरवते. तिथून सुरू होतो जिझो-दोरी बाजार. याला टोकियोत 'आज्यांचं हाराजुकु' म्हणतात. हाराजुकु म्हणजे पोरीबाळींचा फॅशनचा बाजार. दर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला इथे जत्रा भरते. पाट्यांवरची अक्षरं मोठी. दुकानात शिरायला पायरी नाही. दाइफुकु नावाची खारट-गोडसर मिठाई विकणाऱ्यापुढे रांग. आणि एका दुकानात छतापर्यंत फक्त लाल अंतर्वस्त्रं: चड्ड्या, बनियन, पायमोजे, सगळं लाल. लाल रंग अंगात ऊब आणि बळ आणतो अशी समजूत. माझ्या वयाच्या दोन बायका मापं हातात धरून खिदळत होत्या. सांगलीच्या मारुती रोडवर हे दृश्य मी कल्पनेतही आणू शकले नसते.

बाजाराच्या मध्यावर कोगान-जी हे देऊळ आहे. इथला देव जिझो, तो 'तोगेनुकी', म्हणजे काटा काढणारा. सुई गिळलेल्या एका दासीला जिझोचं चित्र असलेला कागद पाण्याबरोबर पाजला आणि सुई बाहेर आली, अशी कथा. मूळ मूर्ती कुणाला दिसत नाही. रांग लागते ती अंगणातल्या कान्नोन या करुणेच्या देवतेच्या दगडी मूर्तीपुढे. आपल्याला जिथे दुखतं, मूर्तीच्या त्या जागी पाणी घालून पुसायचं. पूर्वी लोक ब्रशने घासत. घासून घासून मूर्तीचे नाकडोळे झिजले, म्हणून १९९२ साली नवी मूर्ती बसवली आणि ब्रश बंद करून टॉवेल आणले. छोटा पांढरा टॉवेल विकत घ्यायचा, पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि आपली पाळी आली की पुसायचं. बाकी रांगेत शांतता. पिळलेल्या टॉवेलांचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

माझ्यापुढच्या आजींनी आधी मूर्तीचा गुडघा पुसला, मग कंबर, मग खांदा, आणि शेवटी टॉवेल पुन्हा भिजवून डोकं अगदी सावकाश पुसलं. बाजूला झाल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या. मुलाने दुभाष्याचं काम केलं. वय अठ्ठ्याऐंशी. गुडघा, कंबर, खांदा त्यांचा स्वतःचा. डोकं मुलाचं. मुलगा छप्पन्न वर्षांचा, लग्न केलेलं नाही, दहा वर्षांपूर्वी नोकरी सुटल्यापासून घरातच असतो. "कोण कुणाला सांभाळतं ते विचारू नका," त्या म्हणाल्या. माझ्या मुलाने मला हळूच सांगितलं, याला इथे '८०५०' म्हणतात: ऐंशीचे आईबाप, पन्नाशीचं मूल, एकच छप्पर. मी माझा गुडघा पुसला. टॉवेल पुन्हा बुडवला आणि मूर्तीच्या कपाळाकडे नेला. मग आठवलं, माझा मुलगा शेजारीच उभा आहे. हात मागे घेतला.

सोमवारी सुट्टी होती. सप्टेंबरचा तिसरा सोमवार हा जपानचा ज्येष्ठांचा सन्मानदिन. त्याच्या आधी सरकार दरवर्षी शंभरी गाठलेल्यांचा आकडा जाहीर करतं. त्या वर्षी ९९,७६३. त्यात ८८ टक्के बायका. १९६३ साली ही मोजणी सुरू झाली तेव्हा अख्ख्या देशात १५३ जण होते. तेव्हापासून शंभरीला सरकारकडून चांदीची साकेची वाटी भेट मिळते. माणसं एवढी वाढली की २०१६ पासून वाटीवर फक्त चांदीचा मुलामा आहे. विमा कंपनीतल्या माणसाला हा निर्णय लगेच कळतो. १९६३ हेच पु. लं.च्या 'पूर्वरंग'चं वर्ष. ज्या जपानबद्दल ते पुस्तक वाचून आमची पिढी भारावली तो देश पोराटोरांनी भरलेला होता. महायुद्धानंतर, १९४९ साली एकट्या त्या वर्षात तिथे जवळजवळ २७ लाख मुलं जन्मली होती. ती सगळी आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. २०२४ मध्ये जन्मली ६ लाख ८६ हजार, आणि मरण पावली १६ लाख माणसं. एका बाईमागे सरासरी १.१५ मुलं. लोकसंख्येत पासष्टीच्या वरचे २९.४ टक्के.

टक्के वाचताना काही वाटत नाही. रस्त्यावर वाटतं. टॅक्सीवाले पांढऱ्या केसांचे. रस्ता खणलेला असेल तिथे हातात दिव्याची कांडी घेऊन लोकांना वाकून वाट दाखवणारे आजोबा. सायकली लावायच्या जागेवर आजोबा. पासष्टीपुढचे ९३ लाख लोक इथे कामावर जातात. काहींना घरी बसवत नाही म्हणून, काहींना पेन्शन पुरत नाही म्हणून.

मुलाच्या ऑफिसातल्या एका बाईने मला कॉफीला बोलावलं. एकेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी, सावकाश पण स्वच्छ इंग्रजी बोलणारी. मी आडून विचारत होते, ती सरळ उत्तरं देत होती.

"माझा भाऊ एकोणपन्नास वर्षांचा आहे," ती म्हणाली. नव्वदीच्या सुरुवातीला जपानची तेजी फुटली आणि कंपन्यांनी कायमची भरती जवळजवळ थांबवली. त्या काळात कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना 'नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. भाऊ त्यातला. आयुष्यभर कंत्राटी. ज्याची नोकरी कायम नाही त्याचं स्थळ इथेही कुणी पाहत नाही. आणि हिच्यासारख्या मुली? १९८६ पासून समान संधीचा कायदा लागू झाला, मुली शिकल्या, कमावू लागल्या. घरी गेल्यावरचं काम मात्र होतं तिथेच राहिलं. नवरा रात्री दहाला येणार, तोवर मूल, स्वयंपाक, सासूचं औषध, सगळं एकटीने. त्याला बायका 'वान-ओपे' म्हणतात. रात्रपाळीत एकच नोकर अख्खं हॉटेल चालवतो, त्याच्यावरून आलेला हा शब्द.

"आणि नाव," ती म्हणाली. जपानच्या नागरी कायद्याप्रमाणे नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. कुणाचंही चालतं, पण शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत बदलतं ते बाईचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हा कायदा योग्यच ठरवला. २०२४ मध्ये केइदानरेन या उद्योगपतींच्या संघटनेनेही तो बदला म्हणून सरकारला सांगितलं. "माझ्या नावावर सोळा वर्षांचं काम आहे. ते का पुसू?"

मी हसले. तिला म्हटलं, आमच्याकडे आडनावावर भागत नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने माझं नवं पहिलं नाव लिहिलं होतं. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लग्नाला माझा विरोध नाही. लग्नाच्या एका खुंटीवर इथे सगळं टांगून ठेवलं आहे. घरकाम, मूल, म्हातारी माणसं, आडनाव, मेल्यावरचं थडगं. एक उचलायला गेलं की सगळं अंगावर येतं."

१९७० साली पन्नाशीपर्यंत लग्न न झालेले पुरुष इथे शंभरात दोनसुद्धा नव्हते, बायका तीन. २०२० मध्ये पुरुष अठ्ठावीस, बायका अठरा. आणि लग्नाबाहेर मूल होण्याची रीत जपानात नाहीच म्हणायची, शंभरात दोन-अडीच. म्हणून बोहलं रिकामं तिथे पाळणाही रिकामा.

गणपतीत मुलाची एका मुलीशी ओळख झाली होती. नांदेडकडची, पंचवीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली. पुण्यात जपानी शिकून टोकियोच्या उत्तरेला सैतामातल्या एका वृद्धांच्या केंद्रात नोकरीला लागली होती. २०१९ पासून जपानने अशा कामांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आहे. तिने मला केंद्र बघायला बोलावलं. सकाळी व्हॅन घरोघरी जाऊन आज्या-आजोबांना घेऊन येते. रक्तदाब बघायचा, आंघोळ, जेवण, खुर्चीत बसून व्यायाम, आणि चारला परत घरी. आंघोळीचं काम तिच्याकडे होतं. "काकू, घरी आजीला हात लावायला लाजायचे. इथे दिवसाला दहा जणींना न्हाऊ घालते," ती म्हणाली. पाठ चोळताना आज्या तिला विचारतात, लग्न झालं का? नाही म्हटलं की म्हणतात, घाई करू नको. "आणि रात्री घरून फोन येतो. आई म्हणते, घाई कर."

माझं लक्ष मात्र विम्याकडे. २००० सालापासून जपानात शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशी गाठली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. म्हातारपणी अर्ज केला की माणसाला किती मदत लागते त्याची पाहणी होते, पायरी ठरते, आणि खर्चाचा दहावा भाग, ऐपत असेल तर जास्तीत जास्त तीन भाग स्वतः द्यायचे. मी त्या पाहणीबद्दल खोदून खोदून विचारलं. उठता येतं का, जेवता येतं का, विसरता का. अर्जदाराला सून आहे का, यावर पायरी ठरत नाही. पूर्वी हे सगळं सुनेनेच करायचं असे. मी आयुष्यात पाहिलेली ही सगळ्यात शहाणी पॉलिसी. फक्त ती राबवायला हात नाहीत. २०४० पर्यंत आणखी ५ लाख ७० हजार कामकरी लागतील असा त्यांच्या सरकारचाच अंदाज आहे. नांदेडची पोरगी सैतामात आजीची पाठ चोळते ती त्यामुळे.

तरी रकाना उरतोच. शिनागावाहून गाडीने योकोसुकाला गेले ती खास तेवढ्यासाठी. आरमाराचं हे बंदर. इथल्या नगरपालिकेच्या लक्षात आलं की बेवारस म्हणून आपल्याकडे येणाऱ्या अस्थी आता अनोळखी वाटसरूंच्या नाहीत. नाव माहीत, पत्ता माहीत, न्यायला कुणी नाही. २०१५ पासून पालिका एकट्या, बेताच्या परिस्थितीतल्या म्हाताऱ्यांना जिवंतपणीच अंत्यविधी ठरवून ठेवायला मदत करते. २०१८ पासून गावातला कुणीही माणूस पालिकेत नोंद करून ठेवू शकतो: काही झालं तर कुणाला कळवायचं, डॉक्टर कोण, मृत्युपत्र कुठे ठेवलंय, थडगं कुठे आहे. पत्रक हातात घेऊन मी तिथल्या बाकावर बसले. रकाने मला तोंडपाठ होते, फक्त आमच्या फॉर्मवर त्यांचा क्रम वेगळा होता.

याची गरज का पडली? २०२४ या एका वर्षात जपानात ७६ हजार माणसं घरात एकटी असताना मेली. चारातले तीन पासष्टीपुढचे. २००१ पासून इथे एक चहाची विजेची किटली मिळते; म्हातारीने पाणी ओतलं की दूरच्या मुलाला निरोप जातो. १९७२ पासून याकुल्ट विकणाऱ्या बायका एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात बाटली देता देता विचारपूस करतात. किटली बरी की बाई बरी, हा प्रश्न मी मुलाला विचारला नाही. तो उत्तर देताना किटलीकडे बघेल अशी भीती वाटली.

शेवटचे तीन दिवस ओनोमिचीला. शिंकान्सेनने फुकुयामा, तिथून लोकलने वीस मिनिटं. आदल्या रात्री मुलाने मला 'टोकियो स्टोरी' दाखवला होता, यासुजिरो ओझुंचा १९५३ चा चित्रपट. ओनोमिचीचं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला जातं, मुलांना वेळ नसतो, आणि रजा काढून त्यांना शहर दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. मुलाबरोबर जिचं नातं कागदावर संपलं होतं, ती. मुलींची लग्नं जुळवणारे बाप ओझुंनी आयुष्यभर पडद्यावर आणले. स्वतः लग्न केलं नाही. आई जाईपर्यंत आईबरोबर राहिले, आणि १९६३ मध्ये साठाव्या वाढदिवशीच वारले. सुनेचं काम करणाऱ्या सेत्सुको हारा यांनीही लग्न केलं नाही. त्या २०१५ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी गेल्या.

ओनोमिची म्हणजे समोर समुद्र आणि मागे उभा डोंगर, आणि डोंगरावर देवळं, मांजरं आणि जिने. गाडी वर जात नाही. त्यामुळे घरं रिकामी पडत गेली. जपानात २०२३ च्या पाहणीत ९० लाख रिकामी घरं निघाली, शंभरात जवळजवळ चौदा. कोकणातलं कुलूप लावलेलं घर आपल्याला ओळखीचं असतं. पण गणपतीला, शिमग्याला ते उघडतं. इथली काही घरं पुन्हा उघडणारच नाहीत. २००७ पासून एक संस्था त्यातली घरं दुरुस्त करून नव्या माणसांना देते. कुठे पाव भाजतात, कुठे पुस्तकं विकतात.

आम्ही उतरलो ते घर एकोणसाठ वर्षांच्या एका बाईंचं. जन्म १९६६ चा, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ते 'हिनोए-उमा'चं वर्ष, अग्नीच्या घोड्याचं. साठ वर्षांनी एकदा येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. आपल्याकडच्या मंगळाच्या मुलीसारखीच. १९६५ साली १८ लाखांवर जन्म झाले होते, १९६६ साली साडेतेरा लाखांच्या आसपास. "वर्गात जागा ऐसपैस होती," त्या म्हणाल्या. लग्न झालं नाही. ओसाकातली नोकरी सोडून आईला सांभाळायला परत आल्या. आई गेली, त्या राहिल्या.

त्यांच्या दाराशी एक फळी ठोकलेली होती. फळीला नऊ खुंट्या, प्रत्येकीला एक किल्ली आणि किल्लीला लाकडाची चकती. मला वाटलं पाहुण्यांच्या खोल्यांच्या असतील. पण खोल्या तीनच होत्या. म्हणाल्या, चार किल्ल्या रिकाम्या घरांच्या, मालक टोकियोत. पावसाळ्यात दारं-खिडक्या उघडून वारा खेळवायचा. पाच किल्ल्या एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या. "सकाळी आठपर्यंत पडदा सरकला नाही की मी किल्ली घेऊन वर जाते. तीन वर्षांत दोनदा जावं लागलं. एकदा वेळेत पोहोचले."

"तुमची किल्ली कुणाकडे?" मी विचारलं.

"खाली टोफूवाल्याकडे."

सकाळी पावणेआठला मी जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसले. वरच्या अंगाला एक पडदा सरकला. मग दुसरा. बाई झाडू मारता मारता मान वर करून मोजत होत्या. पाचवा सरकला तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि आत गेल्या.

इतकी वर्षं मी रकान्यात नाव मागत होते आणि ते नाव नात्याचंच असणार हे धरून चालले होते. जपानने तेच धरलं आणि लग्न सैल झालं तेव्हा सगळा भार एकाच वेळी खाली आला. पोरांनी लग्न करावं म्हणून आता तिथे सरकार ॲप काढतं, त्यात वावगं काही नाही. पण कामी आला तो शुश्रूषेचा विमा, योकोसुकाची नोंदवही आणि ती फळी, कारण या तिन्हींना सून लागत नाही. महाराष्ट्रातही २०१९-२१ च्या पाहणीत एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, आणि आमच्या कॉलनीत बारापैकी सात घरांतली मुलं परदेशी. हप्ता भरायला सुरुवात करायची वेळ आपलीही झाली आहे, आणि असा विमा आपल्याकडे अजून नाही.

परत आल्यावर फोल्डर ज्यांचा त्यांना दिला. चारांपैकी दोन मुलींची लग्नं मी तिकडे असतानाच ठरली होती. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला: डॉक्टर, बँक, पॉलिसीचे नंबर, मुलाचा फोन. घराची दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे दिली आणि सकाळी आठला खिडकी उघडते, हे सांगून ठेवलं. त्यांची किल्ली आता माझ्याकडे आहे.

मुलाच्या पॉलिसीत अजून माझंच नाव आहे. ते सावकाश बदल, असं मी त्याला सांगितलंय. शेजाऱ्याला किल्ली मात्र आजच दे. वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे.